३४ नंबरचा फर्नांडो

२२ ऑक्टोबर २०२४ रोजी फर्नांडो वालेन्झुएला गेल्याची बातमी आली, तेव्हा लॉस एंजेलिस शहर बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजच्या तयारीत गुंतलेले होते. तीन दिवसांनी शहराचा डॉजर्स संघ आणि न्यूयॉर्क यँकीज यांची गाठ पडणार होती. १९८१ नंतर हे दोन संघ प्रथमच अंतिम मालिकेत समोरासमोर येत होते, आणि १९८१ ची ती मालिका ज्याच्यामुळे फिरली तो डॉजर्सचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, वयाच्या ६३ व्या वर्षी निघून गेला होता.

डॉजर स्टेडियमच्या प्रवेशद्वारापाशी मेणबत्त्या, निळ्या टोप्या, फुले आणि जुनी छायाचित्रे जमू लागली. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या आरंभी घरोघरी गेलेल्या माणसांचे स्मरण करतात आणि त्यासाठी झेंडूची फुले मांडतात. आपल्याकडे दसऱ्याला तोरणात दिसणारा झेंडू मूळचा तिकडचाच. त्या दिवसांच्या तोंडावर फर्नांडो गेला, त्यामुळे अनेक मेक्सिकन कुटुंबांनी घरच्या आजी-आजोबांच्या छायाचित्रांशेजारी त्याचेही छायाचित्र ठेवले असेल, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

एखाद्या खेळाडूला इतके घरचे स्थान का मिळावे, हे समजण्यासाठी ते स्टेडियम कोणत्या जमिनीवर उभे आहे हे पाहावे लागते. चावेझ रव्हीन नावाच्या त्या टेकड्यांवर पूर्वी मेक्सिकन-अमेरिकन वस्त्या होत्या. स्वस्त घरे बांधण्याची सरकारी योजना पुढे करून १९५० च्या दशकात त्या उठवण्यात आल्या, ती घरे कधी बांधलीच गेली नाहीत, आणि मे १९५९ मध्ये शेवटच्या कुटुंबांना पोलिसांनी उचलून बाहेर काढले. १९६२ मध्ये तिथे स्टेडियम उघडले. ज्यांची घरे गेली त्यांच्यापैकी कित्येकांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी पुढे अनेक वर्षे तिथे पाऊल ठेवले नाही. त्यांना तिथे परत आणण्याचे काम कुठल्या माफीनाम्याने किंवा भरपाईने झाले नाही. ते सोनोरा प्रांतातल्या एचोवाकिला या खेड्यातून आलेल्या, बारा भावंडांत धाकट्या असलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने केले.

एप्रिल १९८१ मध्ये हंगामाच्या पहिल्या सामन्यासाठी ठरलेला पिचर ऐन वेळी जायबंदी झाला आणि २० वर्षांच्या फर्नांडोच्या हाती चेंडू देण्यात आला. त्याने ह्यूस्टनला एकही धाव न देता सामना जिंकला. या सामन्यासह सलग आठ सामने त्याने जिंकले आणि त्यांतल्या पाचांत प्रतिस्पर्ध्यांना खाते उघडू दिले नाही. चेंडू टाकण्यापूर्वी उजवा पाय उंच उचलून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन तो क्षणभर नजर थेट आकाशाकडे लावी. समोर बॅटर उभा असताना त्याच्याकडे न पाहण्याची ही लकब पोरासोरांनी गल्लोगल्ली उचलली.

त्याचे अस्त्र होते स्क्रूबॉल. नेहमीच्या वळणाच्या चेंडूला मनगट ज्या दिशेने फिरते त्याच्या उलट दिशेने ते आत मुरडायचे, म्हणजे डावखुऱ्याचा चेंडू उजव्या हाताच्या बॅटरपासून दूर पळतो. क्रिकेट पाहणाऱ्यांनी इथे गुगली आठवावी. बॉबी कॅस्टिलो या सहकाऱ्याने त्याला तो शिकवला. १९८१ मध्ये वर्षातला सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम पिचर, हे दोन्ही सन्मान त्याला मिळाले. हे एकाच हंगामात साधणारा तो आजही एकटाच आहे.

मला मात्र त्याच्या त्या निष्कलंक सामन्यांपेक्षा २३ ऑक्टोबर १९८१ चा सामना मोठा वाटतो. डॉजर्स यँकीजविरुद्ध दोन सामने हरले होते. फर्नांडोला त्या दिवशी सूर सापडत नव्हता: नऊ हिट (बॅटरने चेंडू टोलवून मिळवलेली आगेकूच), सात वॉक (भरकटलेल्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेली आगेकूच), चार धावा. दुसऱ्या कुठल्याही व्यवस्थापकाने त्याला काढले असते. टॉमी लासोर्डाने ठेवले. तो शेवटपर्यंत टाकत राहिला, जवळजवळ दीडशे चेंडू, आणि सामना ५-४ असा जिंकून दिला. त्यानंतर डॉजर्सनी ओळीने तीन सामने जिंकून मालिका घेतली.

या राबण्याची किंमत त्याच्या खांद्याने चुकवली. १९८२ ते १९८७ या सहा हंगामांत त्याने दरवर्षी २५० हून अधिक इनिंग (एका सामन्यात साधारण नऊ) टाकल्या; १९८८ मध्ये डॉजर्स पुन्हा जिंकले तेव्हा तो दुखापतीमुळे बाहेर होता. जून १९९० मध्ये त्याने सेंट लुईसला एकही हिट न देण्याचा पराक्रम केला, आणि पुढच्याच वसंतात, नवा हंगाम सुरू होण्याआधी, क्लबने त्याला मोकळे केले. हे मला आजही खटकते.

तरी प्रेक्षकांनी त्याला सोडले नाही, आणि २००३ पासून तोही रेडिओच्या स्पॅनिश समालोचनात परतला. त्याच्या शेजारी हाइमे हारीन बसत. १९८१ मध्ये इंग्रजी न येणाऱ्या या मुलाचे शब्द पत्रकारांपर्यंत पोहोचवणारे दुभाषी तेच होते.

त्याच्या सदऱ्यावरचा ३४ नंबर १९९१ नंतर डॉजर्सच्या एकाही खेळाडूला दिला गेला नाही. मात्र हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधील थोरांच्या सन्मानदालनात नसलेल्यांचा नंबर निवृत्त करायचा, म्हणजे कायमचा राखून ठेवायचा, नाही, या प्रथेपायी अधिकृत घोषणा अडून राहिली होती. ती अट अखेर बाजूला सारून ऑगस्ट २०२३ मध्ये भरल्या स्टेडियममध्ये तो सोहळा झाला, आणि फर्नांडोने तो डोळ्यांनी पाहिला. उशीर झाला खरा, पण तो सोहळा त्याच्या पश्चात झाला असता तर चाहत्यांच्या मनाला कायमची टोचणी लागली असती.

डॉजर्सनी ती २०२४ ची मालिका बाहीवर ३४ चा बिल्ला लावून खेळली आणि पाच सामन्यांत जिंकली. विजयाची मिरवणूक १ नोव्हेंबरला निघाली. तो फर्नांडोचा ६४ वा वाढदिवस होता, आणि रस्त्यावर उतरलेल्या गर्दीत त्याच्या नावाचे सदरे घातलेले आजोबा, त्यांची मुले आणि नातवंडे एकत्र होती.