फरक स्पष्ट करा

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि सगळ्यात आधी आठवला तो सहामाहीच्या पेपरातला प्रश्न. 'फरक स्पष्ट करा : संपणारी व न संपणारी नैसर्गिक साधने.' मधोमध उभी रेघ. डावीकडे दगडी कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू. उजवीकडे सूर्यप्रकाश, वारा, हवा. लाकूड कुठे घालावं ते सुचेना, म्हणून मी ते नेमकं रेघेवरच लिहिलं. अर्धा गुण गेला.

मधल्या सुट्टीत बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "जंगल वाढतं त्याहून जास्त तोडलंस तर लाकूड डावीकडे, कमी तोडलंस तर उजवीकडे. तुझं चुकलं नाही. पण रेघेला गुण नसतात रे." गुण काही वाढवला नाही.

कोळशाचा धडा मात्र त्यांनी तब्येतीत शिकवला. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतली झाडं साचलेल्या पाण्यात पडली. तिथे ऑक्सिजन नाही, म्हणून ती पुरती कुजली नाहीत. त्यांचं पीट झालं. वर गाळाचे थर चढले, दाब आणि उष्णता वाढली, मग कोळशाचे एकाहून एक पक्के प्रकार : लिग्नाइट, बिट्युमिनस आणि शेवटी अँथ्रासाइट, ज्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्बन. मी विचारलं, "म्हणजे कोळसा अजूनही तयार होतो?" "होतो ना. पीट साठतं वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. थांबतोस का तू?" वर्ग खो खो हसला.

पुढे माझी सगळी नोकरी औष्णिक वीजकेंद्रात गेली. तिथे कोळसा दळून पिठासारखा करतात आणि गरम हवेबरोबर बॉयलरमध्ये फुंकतात. एक-दोन सेकंदांत कण जळून जातो. त्या उष्णतेतली जेमतेम एक तृतीयांश विजेच्या रूपाने तारेत जाते, उरलेली बहुतेक थंड करणाऱ्या पाण्यात आणि धुराड्यात. कामावरच्या पहिल्या वर्षी हे आकडे पाहून मी खरंच हबकलो होतो. पुढे सवय झाली, हेही कबूल करतो.

कोळसा संपेल ही भीती तशी जुनी. १८६५ साली इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी ब्रिटनला तोच इशारा दिला होता. यंत्रं काटकसरी झाली तर कोळसा कमी नाही, उलट जास्तच जळेल, असंही ते म्हणाले होते. जगभरातला खप पुढे वाढतच गेला.

निवृत्तीनंतर बाईंना भेटायला गेलो, तेव्हा म्हटलं, "बाई, आपण नजर ठेवली डाव्या रकान्यावर आणि गोची झाली उजव्या रकान्यात. १२ ग्रॅम कार्बन जळला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, हे गणित तुम्हीच घातलं होतं. तो सगळा 'हवा' लिहिलं होतं तिथेच सोडला. यंत्रयुगाआधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. कोळसा जमिनीत अजून पुष्कळ आहे. सोडायला जागा उरली नाही."

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तू तो अर्धा गुण मागायला आलायस का?"