सुट्टीच्या रविवारी मोडलेला घोटा आणि ठाण्यापर्यंतचा परतीचा प्रवास

वागळे इस्टेटमधील आमच्या कंपनीने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मला आणि ऐरोलीच्या एका सहकाऱ्याला नव्या यंत्राच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीतील ड्रेस्डेनला पाठवले होते. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने कायद्याने बंद असतात, त्यामुळे खरेदीचा प्रश्न नव्हता आणि खोलीत बसून राहण्याची दोघांचीही इच्छा नव्हती. म्हणून आम्ही एस-१ या लोकल गाडीने एल्बे नदीच्या काठाकाठाने राथेनला गेलो. स्थानक नदीच्या एका तीरावर आहे आणि बास्टायचे प्रसिद्ध खडक दुसऱ्या तीरावर. मधली नदी ओलांडायला तारेला बांधलेली नाव आहे, जी इंजिनाशिवाय, केवळ प्रवाहाच्या जोरावर पलीकडे जाते. इंजिनिअर असल्यामुळे मी ती नावच जास्त वेळ पाहत बसले, हे सांगायला हरकत नाही.

बास्टायचा दगडी पूल १८५१ चा आहे. त्याआधी तेथे लाकडी पूल होता. नदीपासून जवळजवळ दोनशे मीटर उंचीवर उभे राहून एल्बेचे वळण पाहिल्यावर आलेल्या वाटेनेच परतण्याऐवजी आम्ही श्वेडेनलोखर नावाच्या अरुंद घळीतून उतरायचे ठरवले. तीस वर्षांच्या युद्धात, १६३९ मध्ये, स्वीडिश सैन्यापासून वाचण्यासाठी आसपासचे गावकरी या घळीत लपले होते, असे सांगतात. आता तेथे सुमारे सातशे पायऱ्या आहेत, काही दगडी आणि काही लाकडी, आणि बऱ्याच ठिकाणी कठडे आहेत. ऊन पोहोचत नसल्यामुळे पायऱ्यांवर ओल होती. निम्म्या वाटेवर माझा उजवा पाय घसरला, घोटा आत वळला आणि कट्‌ असा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

११२ हा आपत्कालीन क्रमांक संपूर्ण युरोपीय संघात चालतो आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. मागून येणाऱ्या एका वयस्कर जर्मन जोडप्याने जागा नेमकी सांगितली म्हणून बरे झाले, नाहीतर आमच्या इंग्रजीतून 'घळीच्या मधोमध' यापलीकडे काही कळले नसते. रुग्णवाहिका तेथवर येणे शक्यच नव्हते. बेर्गवाख्ट या पर्वतीय बचाव दलाचे स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन पायी आले आणि त्या अरुंद पायऱ्यांवरून मला खाली घेऊन गेले. प्रत्येक वळणावर ते आपसात काहीतरी बोलून हात बदलत होते. माझ्याशी मात्र फक्त 'सगळे ठीक आहे' एवढेच म्हणत होते.

रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात वेदनेबद्दल विचारण्याआधी एक प्रश्न आला: अपघात कामावर झाला, की कामावर जाता-येता? जर्मनीत अशा अपघाताचा खर्च उद्योगक्षेत्राच्या वेगळ्या अपघात विम्याकडे जातो, इतर सर्व अपघात आरोग्य विम्याकडे जातात, म्हणून फॉर्मवर हा रकाना सुरुवातीलाच असतो. मी रविवारी, सुट्टीत, पायऱ्यांवर, असे सांगितले. तो रकाना पुढे किती उपयोगी पडणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

एक्स-रेमध्ये बाहेरच्या हाडाला, म्हणजे फिब्युलाला, सांध्याच्या रेषेखाली भेग दिसली. हाड जागेवरून हलले नव्हते आणि शस्त्रक्रियेची गरज नव्हती. डॉक्टरांनी प्लास्टर घातले, कुबड्या दिल्या आणि रक्तात गाठ होऊ नये म्हणून पोटाच्या त्वचेखाली स्वतःच रोज टोचायची हेपरिनची इंजेक्शने लिहून दिली. पहिले इंजेक्शन नर्सने हाताला हात धरून घ्यायला लावले. त्या रात्री सासूबाईंचा फोन आला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "पाय उंचावर ठेव गं, आणि इथलं काही मनावर घेऊ नकोस."

परतीचे विमान थोड्याच दिवसांवर होते आणि खरी कसरत तेथून सुरू झाली. ताज्या प्लास्टरच्या आत सूज वाढते आणि अडकलेली हवा उंचीवर प्रसरण पावते, म्हणून पहिल्या ४८ तासांत पूर्ण बंद प्लास्टरवर प्रवासाला विमान कंपन्या सहसा परवानगी देत नाहीत; प्लास्टर मधून चिरलेले असावे लागते. आमचे विमान त्यानंतरचे असले तरी डॉक्टरांनी लांबच्या प्रवासासाठी ते चिरून वर पट्टी बांधून दिली. 'मेडिफ' या वैद्यकीय फॉर्मवर त्यांची सही घेतली. व्हीलचेअर मागताना जिना चढता येतो की नाही, हे नेमके सांगावे लागते, कारण त्याप्रमाणे सांकेतिक अक्षरे बदलतात. मी जिना न चढता येणाऱ्यांची 'डब्ल्यूसीएचएस' नोंदवली. फ्रँकफर्टला विमान बदलताना बस आणि जिना असा प्रकार समोर आला, तेव्हा त्या चार अक्षरांमुळे उचलगाडी आली. इंजेक्शने डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत होती आणि एक्स-रेची सीडीही. मुंबई ते ठाणे हा प्रवास मी मागच्या सीटवर आडवी पाय पसरून केला, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

नौपाड्यातील अस्थिरोगतज्ज्ञांनी सीडी पाहून उपचार तसेच चालू ठेवले. विम्याचे प्रकरण मात्र वेगळे होते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागतेच, तेवढी पॉलिसी कंपनीने घेतलेली होती. रुग्णालयातूनच मदत क्रमांकावर फोन करून मी क्लेमचा क्रमांक घेतला होता. तरी कागदपत्रे दिल्यावर विमा कंपनीकडून पत्र आले, की बचाव पर्वतीय दलाने केला आहे, तेव्हा हा प्रकार गिर्यारोहणाचा असून साहसी खेळांच्या वगळलेल्या यादीत येतो काय, याचा खुलासा करावा. सोबत पोलिस तक्रारीची प्रतही मागितली होती. पायऱ्यांवर घसरून पडल्याची तक्रार कोणाविरुद्ध करावी, हे त्यांनी लिहिले नव्हते.

मला राग आला हे खरे, पण राग जोडपत्र म्हणून देता येत नाही. त्यामुळे मी सहकाऱ्याने काढलेले कठड्यांचे आणि पायऱ्यांचे फोटो, ती वाट पर्यटकांसाठी दाखवणारा नकाशा आणि रुग्णालयाचे सविस्तर पत्र, ज्यात 'पायऱ्यांवर पाय घसरून पडणे' असे कारण होते, हे सर्व जोडले. दोर, हार्नेस किंवा शिरस्त्राण यांपैकी काही वापरले नव्हते, आणि ही वाट आपल्या ठाण्याजवळच्या येऊरच्या पायवाटेपेक्षा सोपी आहे, असे मी खुलाशात लिहिले. हे दुसरे वाक्य सहकाऱ्याने काढायला सांगितले होते, मी ठेवले. जर्मन कागदांचे मुख्य मुद्दे इंग्रजीत लिहून दिले आणि पासपोर्टवरील येण्या-जाण्याच्या शिक्क्यांची पाने जोडली. फॉर्मवरील कामाच्या वेळेचा रकाना येथेही कामी आला: दुसऱ्या कोणत्याही विम्याने पैसे दिलेले नाहीत, हे त्यावरून स्पष्ट झाले.

क्लेम मंजूर झाला, पॉलिसीतील ठरलेली कपात वजा करून. पण तोवर ड्रेस्डेनच्या अतिथिगृहातून आणखी एक पाकीट पुढे पाठवले गेले होते. तेथे रुग्णालयाचे बिल आणि बचाव सेवेचे बिल वेगवेगळे येते, आणि दुसरे बिल टपालाने निवांत आले. ते मी त्याच क्लेम क्रमांकाखाली पूरक म्हणून पाठवले. या वेळी खुलासा मागितला गेला नाही. फक्त बँकेचा तपशील पुन्हा भरून द्यायला सांगितले.