कंबरेचा स्नायू मोजताना आणि भरून आणताना: माझा अनुभव

चोपड्याकडचा माणूस 'कंबर दुखस' म्हणत येतो तेव्हा हातात बहुधा एमआरआय असतो आणि बोट 'गादी दबली' (म्हणजे दोन मणक्यांमधली चकती) या ओळीवर. मी आधी त्यातल्या आडव्या कापांत मणक्याला चिकटलेला मल्टिफिडस हा कंबरेचा खोल स्नायू बघतो. एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या फिल्मवर स्नायू काळपट दिसतो, चरबी पांढरी. शेवटच्या दोन मणक्यांपाशी पांढऱ्या रेघा दाट असतील, तर घेर भरलेला दिसूनही आत मांस कमी. नुसता आकार मोजणारा इथेच फसतो.

सोनोग्राफीत जाडी मोजायची तर माणूस पालथा, पोटाखाली उशी, प्रोब (त्वचेवर टेकवायचं यंत्राचं टोक) उभा. फॅसेट सांध्याच्या (मणक्यामागचा छोटा सांधा) पांढऱ्या उंचवट्यापासून स्नायूवरच्या पडद्यापर्यंतचं अंतर तीनदा घेऊन सरासरी काढतो. प्रोब दाबला की स्नायू चेपतो आणि आकडा कमी येतो.

ताकदीसाठी सोरेन्सन चाचणी. कंबरेच्या हाडापासून वरचं धड टेबलाबाहेर, ढुंगण, गुडघे आणि घोट्यांवर पट्टे, हात छातीवर. धड आडवं किती सेकंद टिकतं ते बघायचं. २४० झाले की थांबवतो. ही चाचणी खरं तर दम मोजते. आकड्याशेजारी 'आधी काय थकलं' हेही लिहितो, कारण पुष्कळ जण पाठीमुळे नाही, मांडीमागच्या गोळ्यामुळे सोडतात. पायात कळ उतरत असेल तर चाचणी नाही. बैठकीची जागा बधिर, लघवी अडलेली किंवा पाऊल लुळं असेल, तर व्यायाम बाजूला आणि त्याच दिवशी सर्जन.

व्यायामाची सुरुवात रांगत्या स्थितीत: उजवा हात, डावा पाय उचलून ८ ते १० सेकंद, मग बाजू बदलायची. माकडहाडाच्या वर पाण्याने अर्धा भरलेला स्टीलचा पेला ठेवतो. पाणी सांडलं म्हणजे कंबर फिरली. पाय खाली घ्यायचा. पेला स्थिर राहू लागला की बादली. पाठीला काठी लावायची, ती डोकं, पाठ आणि माकडहाड अशा तीन जागी टेकलेली ठेवून खुब्यातून वाकायचं. जमलं की काठी ठेवून ५ लिटर पाण्याची बादली उचलायची. आठवड्यातून तीनदा, १० वेळा. जमेल तसं लिटर लिटर वाढवत.

पहिल्या महिन्यात ताकद वाढते ती मुख्यतः मज्जातंतूंच्या सरावाने. आकाराला दोन-तीन महिने लागतात, म्हणून महिन्यात पुन्हा सोनोग्राफी म्हणजे पैसे वाया. घोटाळा होतो तो दोन आठवड्यांनी: दुखणं थांबतं, माणूसही थांबतो. दुखणं गेलं म्हणून मल्टिफिडस आपोआप भरत नाही.

निंदणीला पूर्ण दुमडून वाकलं की पाठीचे स्नायू जवळजवळ गप्प होतात आणि भार हाडं बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर जातो. दिवसभर वाकणाऱ्याची पाठही कच्ची निघते, ती यामुळे. झोपेत मणक्यांमधली गादी पाणी धरून फुगते, म्हणून उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणं टाळायला सांगतो. शेतावर हे कुणी ऐकत नाही ते वेगळं.

केळीचा घड २०-२५ किलोचा. बादली १० लिटरवर असताना कटाईला गेलेला माणूस चार दिवसांत परत टेबलावर दिसतो.