367 पाकिटं : आमची वाटचाल

वर्षाचे दिवस 365, लीप वर्षात 366. आमच्या कपाटात मात्र तारखांची 367 पाकिटं आहेत. शेवटच्या पाकिटाबद्दल पुढे सांगतेच, पण सुरुवात फळ्यापासून करायला हवी.

मी इतिहास शिकवायचे तेव्हा रोज सकाळी फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. अमक्यांचा जन्म, तमक्यांचं निधन, असं वळणदार अक्षरात लिहायचं आणि संध्याकाळी पुसायचं. मधल्या वेळात ते कुणी वाचत नसे. एका 17 डिसेंबरला मी ‘1903 : राइट बंधूंचं पहिलं उड्डाण’ असं न लिहिता विचारलं, ‘पहिलं विमान किती वेळ हवेत होतं?’ मधल्या सुट्टीत फळ्यापाशी ही गर्दी! कुणी म्हणे अर्धा तास, कुणी म्हणे पाच मिनिटं. उत्तर होतं 12 सेकंद, आणि अंतर 120 फूट. मुलांना पटेना. त्यांनी व्हरांड्यात टेपने 120 फूट मोजले, एक जण हात पसरून धावला आणि बाकीच्यांनी घड्याळाकडे बघत सेकंद मोजले. तो बाराच्या आधीच पोचला. ‘बाई, मी विमानापेक्षा जोरात कसा?’ मग समोरून येणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्याबद्दल बोलणं निघालं, त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणाबद्दल निघालं, जे 59 सेकंद टिकलं आणि 852 फुटांपर्यंत गेलं. घंटा झाली तरी कुणी हलेना. आमचा व्यवसाय त्या व्हरांड्यात जन्मला असं मी मानते.

नोकरी सोडल्यावर माझी एक मैत्रीण भागीदार म्हणून आली. ती मुद्रितशोधक, म्हणजे चूक शोधणं हा तिचा श्वास. रोज त्या तारखेचा एक प्रश्न, चार पर्याय आणि उत्तराखाली शंभर शब्दांची गोष्ट, एवढाच आमचा माल. प्रत्येक प्रश्न एका कार्डावर, आणि कार्ड त्या तारखेच्या पाकिटात. आधी काही शाळा, मग एका नियतकालिकातलं सदर, मग कार्यालयांची वार्तापत्रं, आता बहुतेक व्हॉट्सॲप. गिऱ्हाईक वाढत गेलं, जागा बदलली, माणसं दोनाची पाच झाली. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

सांगण्यासारखी आहे ती आमची चूक. 23 एप्रिलला आम्ही विचारलं, ‘1616 साली एकाच दिवशी जग सोडून गेलेले दोन थोर लेखक कोण?’ उत्तर दिलं, इंग्लंडचे शेक्सपिअर आणि स्पेनचे सर्व्हान्तेस. दुपारी एका वाचकाचं पत्र आलं. भाषा सौम्य होती, पण मुद्दा बिनतोड. स्पेनने नवं, म्हणजे आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर 1582 मध्येच स्वीकारलं होतं, तर इंग्लंड 1752 पर्यंत जुन्या ज्युलियनवर चालत होतं. तारीख एकच दिसली तरी दोन्ही मृत्यूंमध्ये दहा दिवसांचं अंतर. शिवाय सर्व्हान्तेस बहुधा 22 तारखेलाच गेले, 23 ही दफनाची नोंद. आम्ही दहा ठिकाणी पडताळलं होतं हो! पण नऊ जणांनी पहिल्याची नक्कल केली असेल तर दहा ठिकाणांचा उपयोग काय? दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न न देता आम्ही दुरुस्ती पाठवली आणि त्या रात्री सगळी पाकिटं टेबलावर ओतली.

तेव्हापासून प्रत्येक कार्डाच्या मागे तीन गोष्टी लिहिल्याशिवाय कार्ड पाकिटात जात नाही : कोणतं कॅलेंडर, कुठली स्थानिक वेळ, आणि मूळ नोंद कशाची. ही चाळणी लावल्यावर किती कार्डं हलली! ‘गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे आमचं लाडकं वाक्य रद्द झालं. गॅलिलिओचा मृत्यू 8 जानेवारी 1642 चा, तो नव्या कॅलेंडरने. न्यूटनचा जन्म 25 डिसेंबर 1642 चा, तो जुन्या कॅलेंडरने. नव्याने मोजलं तर 4 जानेवारी 1643. दोन कॅलेंडरं मिसळली तरच ती गोष्ट जमते. रशियातली ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरच्या पाकिटात गेली, कारण 25 ऑक्टोबर 1917 म्हणजे नव्या गणनेने 7 नोव्हेंबर. चांद्रयान ईगल उतरलं ते जागतिक प्रमाणवेळेनुसार 20 जुलै 1969 ला, पण आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं तेव्हा त्याच घड्याळात 21 जुलैचे पहाटेचे 2 वाजून 56 मिनिटं झाली होती आणि अमेरिकेत अजून 20 तारीखच होती. त्यामुळे त्या कार्डावर वेळेची ओळ तारखेपेक्षा ठळक लिहिली आहे.

‘सालं पाठ करून काय मिळतं?’ असं लोक विचारतात. मलाही ‘कोणत्या वर्षी’ हा प्रश्न आवडत नाही, आम्ही तो क्वचित विचारतो. टायटॅनिक हिमनगावर आदळलं 14 एप्रिल 1912 च्या रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी आणि बुडालं 15 तारखेला पहाटे 2 वाजून 20 मिनिटांनी. त्यातून ‘कोणत्या साली’ विचारण्यापेक्षा ‘हाती किती वेळ होता’ हे विचारावं. दोन तास चाळीस मिनिटं, हे उत्तर कळल्यावर माणूस क्षणभर थांबतो.

काही दिवसांना आम्ही पर्यायच देत नाही. 6 ऑगस्टला, हिरोशिमाच्या सकाळी सव्वाआठच्या त्या मिनिटावर, गुण आणि संगीत असलेली स्पर्धा हवी असा एका मोठ्या गिऱ्हाइकाचा आग्रह होता. आम्ही नाही म्हटलं. काम गेलं, आणि ते वर्ष ओढाताणीत काढलं. तरी आजही त्या तारखेला आमच्याकडून फक्त एक परिच्छेद जातो, प्रश्नचिन्हाशिवाय.

आता ते जास्तीचं पाकीट. 29 फेब्रुवारीचं पाकीट आधी अगदीच सडपातळ होतं. ते भरायला घेतलेल्या आमच्या सर्वांत तरुण सहकाऱ्याने एका संध्याकाळी एक कार्ड माझ्यासमोर ठेवलं. वर लिहिलं होतं, ‘30 फेब्रुवारी’. मी लाल पेन उचललं. तो म्हणाला, ‘ताई, आधी मागची बाजू वाचा.’ स्वीडनने 1700 पासून लीप दिवस गाळत गाळत हळूहळू नव्या कॅलेंडरवर जायचं ठरवलं. 1700 चा दिवस गाळला, 1704 आणि 1708 चे गाळायचे राहून गेले. देशाचं कॅलेंडर ना जुन्याशी जुळे ना नव्याशी. शेवटी परत ज्युलियनवर यायला 1712 च्या फेब्रुवारीत एक दिवस जादा घातला, आणि तो महिना 30 दिवसांचा झाला. तिन्ही रकाने नीट भरलेले होते. मी पेन खाली ठेवलं.

भागीदारणीने त्याच वेळी नवं पाकीट कापलं, चिकटवलं आणि 29 फेब्रुवारी आणि 1 मार्चच्या मधे उभं केलं. त्यात एकच कार्ड आहे. दर चार वर्षांनी 29 तारखेचा प्रश्न पाठवून झाला की दुसऱ्या सकाळी, 1 मार्चच्या प्रश्नाआधी, आम्ही तो एक जादा प्रश्न पाठवतो. ‘तारीख चुकली’ अशी पत्रं दुपारपर्यंत येत राहतात आणि तो सहकारी प्रत्येकाला स्वतः उत्तर लिहितो.