चिओ लानच्या तळ्यावर मी मराठी नव्हते

आधीच सांगून टाकते, थायलंडमध्ये मी जवळजवळ एक अख्खा दिवस मराठी येत नाही असं नाटक केलं. अभिमानाची गोष्ट नाहीये, पण तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही केलं असतंत.

फुकेतचे तीन दिवस संपवून (ऊन, गर्दी, परत जाणार नाही) मी आणि माझी बेंगलोरची मैत्रीण व्हॅनने खाओ सोकला गेलो. सुरत थानी प्रांतातलं हे राष्ट्रीय उद्यान 1980 सालचं, आणि त्याच्या आत चिओ लान नावाचं 165 चौरस किलोमीटरचं पाणी पसरलंय. तळं म्हणायचं, पण खरं तर धरणाचं बॅकवॉटर. चुनखडीचे सुळके सरळ पाण्यातून वर गेलेले, काही तर 900 मीटरच्याही वर, आणि उभ्या कड्याला जिथे मूठभर माती मिळेल तिथे झाड चिकटलंय. धक्क्यावरून लांब शेपटाच्या बोटीत बसायचं, म्हणजे गाडीचं इंजिन, त्याला लांबलचक दांडा आणि टोकाला पंखा. आवाज असा की दातसुद्धा थरथरतात. तासभर तसं गेलं की पाण्यावर तरंगणाऱ्या खोल्या येतात. वीज जनरेटरवर, ती पण संध्याकाळपासूनच, आणि मोबाईलला रेंज शून्य. मी याच्यासाठीच पैसे भरले होते. शांतता!

आणि शेजारच्या पाच खोल्यांत आपली माणसं. चौदा जण.

"ए बंड्या, टॉवेल टाक रे!" हे वाक्य समोरच्या कड्यावर आपटून "रे... रे..." करत परत येतं, हे मी स्वतः ऐकलंय. मग स्पीकर निघाला आणि वरातीतली सगळी गाणी झाली. एक धनेश पक्ष्यांची जोडी पलीकडच्या झाडावरून उठून गेली, आणि ह्यांच्यातला एक म्हणतो, "इथे तर काहीच प्राणी नाहीत, फसवलं राव आपल्याला." तेव्हा मी मैत्रिणीला सांगितलं की आत्तापासून मी मराठी नाही. तशीही आम्ही दोघी हिंदी-इंग्रजीच बोलतो, त्यामुळे सोपं होतं.

दुपारी आम्ही दोघी कयाक घेऊन लांब गेलो. मला वल्हवता येतं असा माझा समज होता, तो दहा मिनिटांत गेला, कारण आमची कयाक भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरत होती. एका चिंचोळ्या खाडीसारख्या भागात शिरलो तर पाण्यातून वाळलेली, पांढरीफटक झाडं उभी. बुंधे खाली, नुसते शेंडे वर. आधी मला ते सुंदर वाटलं, दहा-बारा फोटो काढले.

रात्री गाईडने सांगितलं ती झाडं कसली ते. रत्चप्रफा धरण 1987 मध्ये पूर्ण झालं, पण पाणी त्याआधीच चढायला लागलेलं, आणि खोरं बुडताना डोंगरांचे शेंडे बेटं झाली. प्राणी त्या बेटांवर अडकले. सुएब नाखासथिएन नावाचा वनखात्याचा माणूस बोटी घेऊन त्यांना काढत होता, 1,300 च्या वर प्राणी बाहेर काढले. त्यातले बरेच नंतर मेले. अशी सुटका म्हणजे काही उत्तर नाही, हे त्याला इथेच कळलं आणि नंतर तो धरणांच्याच विरोधात उभा राहिला. 1 सप्टेंबर 1990 ला त्याने स्वतःचा जीव घेतला, तेव्हा तो दुसऱ्या एका अभयारण्याचा प्रमुख होता. गाईड हे सगळं अगदी सपाट आवाजात सांगत होता आणि मागे स्पीकर चालू. दुपारचे फोटो मी नंतर उघडलेच नाहीत.

त्यात जेवणाचे हाल. मी शाकाहारी, इथे भाजीत सुद्धा फिश सॉस. "जे" म्हटलं की कडक शाकाहारी असं कळतं म्हणून मी सगळ्यांना जे-जे करत फिरले, तर ताटात आला पांढरा भात आणि काकडी. तेवढ्यात त्या ग्रुपमधल्या एक काकू डबा घेऊन आल्या. "लो बेटा, घर का है." चकल्या! मी "थँक यू आंटी" म्हणाले आणि पाच खाल्ल्या. डब्यात मूठभर रामबुतान घालून डबा परत केला.

पहाटे सहाला धक्क्यावर फक्त मी आणि त्याच काकू. मैत्रीण ढाराढूर. गाईडला वाटलं आम्ही एकत्रच, त्याने दोघींना एका कयाकमध्ये बसवलं आणि स्वतः दुसरीत पुढे गेला. काकू पुढे, पंजाबी ड्रेसवर नारिंगी लाइफ जॅकेट, आणि वल्हं असं धरलेलं की जन्मभर होडीत बसलेल्या असाव्यात. पाण्यावर धुकं होतं. त्या बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. मला चष्मा लावूनही दिसलं नसतं ते त्या नुसतं बोट करून दाखवत होत्या. डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं असलेली काळपट माकडं, आणि एकीच्या पोटाला चिकटलेलं भगवं पिल्लू, खरंच भगवं, झेंडूसारखं. मग वर कुठेतरी गिबन सुरू झाले. मादीचा आवाज हळूहळू चढत जातो, चढत जातो, आता फाटणार असं वाटतं तिथून परत खाली येतो, आणि मग नर उत्तर देतो. आम्ही वल्ही मांडीवर ठेवली. किती वेळ, माहीत नाही.

आणि डोक्यावरून लोहाराच्या भात्यासारखा फुस्स-फुस्स आवाज आला.

"ककणेर," काकू पुटपुटल्या. म्हणजे धनेश.

"अगं बाई, केवढा मोठा!" हे माझ्या तोंडून गेलं.

काकूंनी मागे वळून पाहिलं सुद्धा नाही. "आमच्या देवरुखला ह्याच्याएवढाच येतो. बाई ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नवरा बाहेरून आणून भरवतो. आमच्यात उलटं आहे."

"काकू, सॉरी, मी..."

"कळलं होतं गं कालच. डबा रिकामा दिला नाहीस ना. आणि माझ्या पोरांचा आवाज ऐकून मलाही वाटतं कधी कधी, की आपली ओळख नाही असं सांगावं."

मी इतकी हसले की कयाक डुगडुगली आणि गाईडने लांबून हात हलवून गप्प बसायची खूण केली. म्हणजे अख्ख्या तळ्यावर आवाज करणारी मीच.

परत वळलो तर खोल्यांच्या बाजूने हाक आली, "आई! ए आई! कुठायस?" ती कड्यावरून फिरून दोनदा आली. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही दोघींनीही ओ दिली नाही.