एक बाग, एक सभागृह: आईबरोबर पाहिलेलं पुणं

पुण्यात भर दुपारी बागेत निघालेला माणूस हमखास बाहेरगावचा असतो. महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी उघडतात, उन्हं चढली की बंद होतात आणि चारच्या सुमाराला पुन्हा उघडतात. नुकत्याच अकोल्याहून आलेल्या माझ्या आईने पु. ल. देशपांडे उद्यानाच्या फाटकावरचं कुलूप पाहिलं, आत नळीने पाणी मारणारा माळी पाहिला आणि म्हणाली, "काऊन वं, इथली झाडं बी दुपारची झोपतेत का?"

मला स्वतःला ही पद्धत आवडते. माळ्यांची पाणी-छाटणी निवांत उरकते आणि आमच्यासारख्या नव्या माणसांना दिवस आपोआप आखून मिळतो. सकाळ-संध्याकाळ बाग, मधल्या वेळात छपराखालचं काहीतरी.

घरात बदलीची नोकरी आहे. नवरा बँकेत. परभणी, रत्नागिरी करत करत गेल्या पावसाळ्यात आम्ही सिंहगड रस्त्यावर बिऱ्हाड मांडलं. बदलीच्या गावात राहायच्या दोन तऱ्हा मी पाहिल्यात. काहीजण खोकी अर्धीच उघडतात आणि "कुठे आपल्याला कायमचं राहायचंय" म्हणत तीन-चार वर्षं टीव्हीसमोर काढतात. काहीजण पहिल्याच महिन्यात भाजी कुठे चांगली मिळते, बसायला बाग कुठली आणि गाणं-नाटक कुठे होतं एवढं शोधून काढतात. पहिल्या तऱ्हेच्या माणसांची मला मनापासून कीव येते.

आई हिवाळ्यात आमच्याकडे असते. तिचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे आमच्या भटकंतीचा नियम त्या गुडघ्यांनीच घालून दिला. एका वेळी एक बाग आणि एक सभागृह, तेही एकमेकांच्या जवळचं. सकाळी शनिवारवाडा, दुपारी आगाखान पॅलेस, संध्याकाळी पर्वती आणि जाताना बाकरवडीची पाकिटं, हे पाहुण्यांचं पुणं झालं. राहणाऱ्याला एवढी घाई कशाला?

तर पु. ल. उद्यान. घरापासून सगळ्यात जवळचं, म्हणून सुरुवात तिथून. याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपानमधल्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाची बाग आहे, १७०० साली पुरी झालेली, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. तिच्या धर्तीवर ही दहा एकरांची बाग केली आहे. अशा बागेत पायवाट मुद्दाम वळवत नेलेली असते, म्हणजे एका जागी उभं राहून सगळी बाग दिसत नाही. वळण घेतलं की छोटा पूल, पुढचं वळण घेतलं की पाण्यात ठेवलेले दगड, मग एकदम मोकळी हिरवळ. आईला हे लगेच उमगलं. दर वळणावर ती थांबायची, गुडघ्यांना आराम आणि डोळ्यांना काम. गोल छाटलेल्या झुडपांकडे बघून मात्र म्हणाली, "उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तुमचे केस कापून आणायचो तशी दिसतेत."

पाण्यापाशी रंगीत मासे आहेत. मुलांचे पाय तिथून हलत नाहीत. आमची लेक कठड्यावर पोट टेकून, एक हात खाली सोडून उभी होती. नारिंगी-पांढरा मासा तोंड वर काढून उघडझाप करत होता आणि ही त्याच्याशी त्याच भाषेत बोलत होती. तेवढ्यात शिट्टी वाजली. इथले रखवालदार काका शिट्टी तोंडात धरूनच फिरतात. हिरवळीवर पाय पडला, शिट्टी. दगडावर चढलं, शिट्टी. काही लोकांना याचा फार राग येतो. मला विचाराल तर एवढ्या गर्दीच्या शहरात ती हिरवळ अजून हिरवी आहे ती या शिट्ट्यांच्याच जोरावर. गवतावर लोळायला, डबे उघडायला सारसबाग आहेच की.

सारसबागेत गेलो ते डिसेंबरच्या थंडीत. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांनी तळं केलं, तळ्यात बेट ठेवलं आणि १७८४ साली सवाई माधवरावांनी त्या बेटावर गणपती बसवला. तोच हा तळ्यातला गणपती. पूर्वी नावेतून जावं लागायचं, आता सरळ चालत जातो. थंडी पडली की मूर्तीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. हे ऐकून होते, पण प्रत्यक्ष बघताना गंमत वाटते. स्वेटर घातलेल्या देवापुढे आपणही शाल सावरत उभे असतो. आईने आधी मनोभावे हात जोडले आणि मग हळूच मला म्हणाली, "अकोल्यात असता तं मे महिन्यात याले कूलर लावा लागला असता."

सारसबागेला जोड दिली ती बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची. क्रम उलटा ठेवला, दुपारी आधी संग्रहालय आणि उन्हं उतरल्यावर बाग. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. त्यांचा राजा नावाचा मुलगा सातव्या वर्षी गेला. पुढे आयुष्यभर गावोगाव फिरून, जुने वाडे धुंडाळून केळकरांनी ज्या वस्तू जमवल्या त्या संग्रहाला त्यांनी मुलाचं नाव दिलं. जवळजवळ वीस हजार वस्तू. तलवारी, तोफा बघायला दुसरीकडे खूप आहेत. इथे आहे ते घरातलं जग. शेकडो दिवे, दौती, कुलपं, फण्या, पाय घासायच्या वज्री आणि अडकित्ते. अडकित्त्यांच्या कपाटापाशी आई इतका वेळ उभी राहिली की तिथल्या मदतनीस बाईंनी स्टूल आणून दिलं. एकाच्या मुठी म्हणजे दोन पोपट, दुसऱ्यात बाई-पुरुष समोरासमोर, पान उघडलं की दूर जाणारे आणि सुपारी कातरली की जवळ येणारे. आईच्या माहेरी असाच घोड्याच्या तोंडाचा अडकित्ता होता. वाटणीत तो कुणाकडे गेला, या प्रश्नावरून तिने काचेच्या कपाटासमोरच तीन मामांची उलटतपासणी सुरू केली. मामा अर्थातच हजर नव्हते. एक सल्ला देते, इथे वयस्क माणसाला घेऊन जाल तर मजले चढायची तयारी ठेवा, आणि सगळं बघायचा हट्ट धरू नका. आम्ही वाद्यांचं दालन पुढच्या खेपेला ठेवलं.

जंगली महाराज रस्त्याची संध्याकाळ मात्र मी अगदी मिनिटं मोजून बसवली होती. नाट्यगृहांत खेळ साधारणपणे दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ असे असतात. साडेपाचचा खेळ घेतला की आधीचा दीड तास मोकळा. मेट्रोने छत्रपती संभाजी उद्यान स्थानक गाठायचं आणि बाग उघडली की आत शिरायचं. वेळ उरला तर पाताळेश्वर आहेच, रस्त्याच्या पार त्या टोकाला. आठव्या शतकातलं, अखंड काळ्या कातळात कोरलेलं शिवाचं मंदिर, अंगणात नंदीसाठी गोल मंडप, आणि भिंतीपलीकडे रिक्षांचे हॉर्न. भर उन्हातही आतली फरशी पायाला गार लागते. आईला मी तिथे रिक्षाने नेलं आणि रिक्षानेच बालगंधर्व रंगमंदिरात नाटकाला आणलं. पन्नास रुपये वाचवण्यासाठी तिचा नाटकातला दुसरा अंक बिघडवायचा नव्हता.

बालगंधर्व रंगमंदिर १९६८ सालचं. बालगंधर्वांचा जन्मदिवस २६ जून, उद्घाटनही त्याच तारखेला झालं. स्वतः बालगंधर्व वर्षभर आधी गेले होते. गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन मोठी तैलचित्रं इथे आहेत, एकात ते पुरुषवेषात आणि दुसऱ्यात स्त्रीवेषात. दोन्ही चित्रं एकाच माणसाची आहेत हे लेकीला पटेना. मग आईने तिला नऊवारीतले नट, त्यांचे शालू आणि त्यांच्या नकला करणाऱ्या त्या काळच्या बायका असं सगळं तिसरी घंटा होईपर्यंत सांगितलं. नाटक बरं होतं. एक नट माइकवर फार विसंबून बोलत होता, पण मध्यंतरातल्या बटाटेवड्याबद्दल तक्रार नाही. तिकीट काढताना बाल्कनी स्वस्त पडते, पण वयस्कांसाठी खालचीच, कडेची खुर्ची घ्यावी. तिकिटांचा प्लॅन उघडतो त्याच दिवशी गेलं तर ती मिळते. रविवारच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती मी अजून कात्री लावून ठेवते. मोबाइलवर सगळं दिसतं हे खरं, पण आईला कागद हातात लागतो.

डिसेंबरातली मोठी गोष्ट म्हणजे सवाई. पंडित भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव सुरू केला. पुढे भीमसेनजींचं नावही त्याला जोडलं गेलं. हल्ली तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. आईने आयुष्यभर हे आवाज अकोल्यात आकाशवाणीवर ऐकलेले, स्वयंपाक करता करता. खुर्चीचं तिकीट काढावं असं माझं म्हणणं होतं, तिने भारतीय बैठक मागितली. "गाणं खाली बसूनच ऐकतेत." मग गुडघ्याखाली उशी, पाठीला मांडवाचा खांब. त्या खांबासाठी आम्ही दार उघडायच्या बरंच आधी पोचलो होतो आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. सतरंज्यांवर शाली पसरून जागा धरलेल्या, डबे, थर्मास, कुणाच्या मांडीवर वही. शेजारच्या आजोबांनी विलंबित ख्याल संपेपर्यंत डोळे मिटलेले ठेवले आणि द्रुत सुरू होताच खिशातून आलेपाकाची पुडी काढून आईपुढे धरली. दोघं एक शब्द बोलले नाहीत. मध्यंतरात मात्र आजोबांना कंठ फुटला. पूर्वीच्या रात्रभराच्या मैफली, पहाटेचा भैरव, रमणबागेचं मैदान. आता रात्री दहाला आवरतं घ्यावं लागतं, याचं त्यांना दुःख होतं. लेकीची शाळा असल्यामुळे मला झालं नाही.

एम्प्रेस गार्डनबद्दल थोडक्यात सांगते. रेसकोर्सजवळची ही जुनी बाग महापालिकेची नाही. ती एक कृषी-बागायती संस्था चालवते आणि तिथे तिकीट असतं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, फुलांचं मोठं प्रदर्शन भरतं. बोन्साय, गुलाब, पुष्परचना, सगळं देखणं, पण गर्दीत फुलांपेक्षा मोबाइलच जास्त दिसतात. त्यापेक्षा एखाद्या साध्या मंगळवारी जा. मोठमोठी जुनी झाडं आणि त्यांच्यावर चढलेले महाकाय वेल तेव्हा नीट बघता येतात. वेल कुठला आणि खोड कुठलं ते कळत नाही. आई फांदीचं टोक शोधत मान वर करून चालत राहिली आणि त्या दिवशी गुडघ्यांबद्दल काही बोलली नाही.

झाडांसाठी बागेतच जायला हवं असंही नाही. फेब्रुवारीपासून पुण्याचे रस्तेच फुलायला लागतात. आधी काटेसावर आणि पांगारा, मग नीलमोहर, मग एप्रिल-मेमध्ये बहावा आणि गुलमोहर. बसच्या खिडकीतून फुकट दिसतं.

या सगळ्या आखणीत माझ्या हिशेबात नसलेली एक गोष्ट घडली. आमच्या गल्लीतल्या छोट्या बागेत सकाळी हास्यक्लब भरतो. आठ-दहा माणसं हात वर करून हा-हा-हा करतात, लांबून बघणाऱ्याला चमत्कारिकच वाटतं. आई पहिले काही दिवस बाकावर बसून त्यांच्याकडे नुसती बघत होती. एका सकाळी मी दूध आणायला गेले तर ती रांगेत उभी, हात वर. तिथल्या बायकांनी तिला ज्येष्ठ नागरिक संघात नेलं. वर्गणी किरकोळ, महिन्याला व्याख्यान, वाढदिवसाला पेढे, मधूनमधून सहल. आता तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त फोन येतात. मला पुण्यातली एवढी माणसं अजून ओळखत नाहीत. हळदीकुंकवाच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दारात मला विचारलं, "तुम्ही आजींच्या कोण?"

पुढचं ठरवलंय ते असं. गणेशखिंड उद्यान अजून बघायचं राहिलंय. १८७३ सालचं हे वनस्पती उद्यान २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं. मग एप्रिल-मेमध्ये टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला असते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली, अजून चालू आहे. आईला तिथली व्याख्यानं ऐकायची आहेत. खरं तर होळीला तिचं महाराष्ट्र एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन होतं. परवा ते रद्द करायला लावलं. संघाच्या सहलीचे पैसे भरून झालेत म्हणे. सहल कुठे जाणार ते अजून ठरायचंय.