गोल झालेला बोल्ट काढताना

बोल्टचं डोकं गोल होतं ते बहुतेक वेळा ढिल्या पान्यामुळे, नाहीतर घाईत लावलेल्या 12 कोनी सॉकेटमुळे. 6 कोनी सॉकेट कोपऱ्यांऐवजी सपाट बाजूंवर जोर देतो. गंजलेल्या बोल्टला पहिल्यापासून तोच लावावा.

वायर ब्रशने गंज झाडा, पेनिट्रेटिंग ऑइल (आट्यांत झिरपून गंज सैल करणारं पातळ तेल) मारून किमान 20 मिनिटं थांबा. गंज जुना असेल तर रात्रभर. ब्रेकच्या डिस्कवर तेल उडू देऊ नका. मग डोक्यावर हातोडीचे सरळ ठोके द्या, आट्यांमधला गंज त्याने तडकतो. आधी किंचित आवळा, मग सोडवा, अडलं की पुन्हा तेल. पाइप लावून लांबवलेला दांडा मोहात पाडतो, पण बारीक बोल्ट त्यानेच तुटतात.

कोपरे गेलेच असतील तर किंचित लहान सॉकेट ठोकून बसवा. 13 मिमीच्या डोक्यावर अर्धा इंची, म्हणजे 12.7 मिमीचा, छान जाम बसतो. डोकं उघडं असेल तर व्हाइस ग्रिपही (पकडून लॉक होणारी पक्कड) चालतो.

तेल मारलेल्या बोल्टला ज्योत लावू नका, पेट घेतं.

एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे बोल्टमध्ये भोक पाडून त्यात घालायचं उलट्या आट्यांचं हत्यार, अगदी शेवटी. भोकाची खूण करणारा टोकदार सेंटर पंच बरोबर मध्यावर मारा. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.